आपले रान, दुसऱ्याचे हात



आपल्यापैकी कित्येकांचे गावाकडे सागा-ऐनाचे मालकीचे रान असेल. ही झाडे तोडायची तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी हवी. ती मिळाली की प्रश्न उरतो हत्यारांचा.

पाच-दहा झाडांसाठी मोठे यंत्र कशाला? कुऱ्हाड, दोघांनी ओढायची करवत, पाचरी, पहार, दोरखंड आणि ओंडके ओढायला बैलजोडी एवढ्यात काम भागते. झाडे अधिक असतील तर साखळी-करवत घ्यावी. पण धरणाऱ्याला झेपेल एवढीच. तिच्या पात्याच्या टोकाची वरची कड लाकडाला लागली, की करवत उसळून माणसाच्या तोंडावर येते. म्हणून साखळीचा ब्रेक दुकानातच चालवून पाहावा.

दुकानदार अश्वशक्ती सांगतो. आम्ही आधी मजुराचे हातपाय पाहतो. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांना झाकण, पायांत जाड बूट यांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात करवत घ्या. झाड पडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे माणूस नसावे.

रान आपले असले, तरी करवत बहुधा मजुराच्या हाती असते. त्या हाताची काळजी मालकाने खरेदीच्या वेळीच वाहायची आहे.