उमेदवाराचे स्वतःचे संकेतस्थळ



दिनांक ११ डिसेंबर २०२२ रोजी, एकाच दिवशी, पेडणे तालुक्यात दोन मोठ्या प्रकल्पांचे उद्घाटन झाले: मोपा येथील विमानतळ आणि धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान. नोकरीचे दार गावाजवळ आले. परंतु दार जवळ असणे निराळे आणि दाराआतील माणसाने उमेदवारास ओळखणे निराळे.

येथील तरुण बहुधा एका पानाचा अर्ज पाठवितो. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या अर्जात ‘आय. टी. आय. उत्तीर्ण’ एवढेच येते. बिघाड कोठे होता, तो कसा शोधला, काम किती वेळात झाले, हे त्यात मावत नाही. वैयक्तिक संकेतस्थळावर मात्र ते छायाचित्रांसह मांडता येते. तीन कामांची अशी नीट हकीकत ‘कष्टाळू व प्रामाणिक’ या विशेषणांहून अधिक बोलते; ती विशेषणे तर प्रत्येकच अर्जात असतात!

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न प्रयोगशाळेत विश्वजालाची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांस निःशुल्क खुले केले. म्हणूनच आज धारगळच्या तरुणास स्वतःचे पान उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. गूगल साइट्स किंवा गिटहब पेजेसवर त्यासाठी विनामूल्य जागा मिळते. स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असल्यास वार्षिक शुल्क पडते. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी पत्ताही घेता येतो. तथापि बाहेरगावच्या कार्यालयास रोमन पत्ता टंकणे सोयीचे जाते. मजकूर इंग्रजीबरोबर मराठीतही असावा. पान मोबाईलवर चटकन उघडावे. शाळेतील संगणक-शिक्षकांनी एक तास दिला, तरी पहिले पान उभे राहते.

सावधगिरीही हवी. आधार क्रमांक, जन्मतारीख, घराचा पत्ता, प्रमाणपत्रांच्या प्रती पानावर ठेवू नयेत. संपर्कासाठी स्वतंत्र ई-मेल पुरे. पान पाहून कोणी नोकरीसाठी आगाऊ पैसे मागितल्यास ती फसवणूक समजावी. दुसऱ्याच्या कामाचे छायाचित्र आपले म्हणून लावल्यास मुलाखतीतील पहिल्याच प्रश्नाला ते उघड होते.

सरकारी पदांना हा मार्ग लागू नाही. तेथे राज्य सरकारच्या अनेक पदांसाठी गोवा कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा द्यावी लागते. खाजगी नोकरीच्या अर्जावर मात्र संकेतस्थळाचा पत्ता दूरध्वनी क्रमांकाखालीच, ठळक अक्षरांत लिहावा, आणि अर्ज धाडण्यापूर्वी तो दुसऱ्याच्या मोबाईलवर एकदा उघडून पाहावा.