सुटलेला अनुस्वार
(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



शाळेच्या आणि माझ्या वयात अवघे दोन वर्षांचे अंतर आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन उघडले ते याच बडोद्यात. तरी आमच्या घरातल्या मुलांची धाव कचेरीपलीकडे गेली नाही. मीही जन्मभर बँकेत आकडे लिहिले. निवृत्तीनंतर मकरपुऱ्यातील एका स्नेह्यांच्या कारखान्यात दर रविवारी जाऊन पत्रा कापावयास शिकलो. प्रवेशद्वारावरील नवी अक्षरे या शिकाऊ हातांची आहेत. ती आधी कशी फसली, तेवढेच सांगतो.

प्लाझ्मा कटरमध्ये दाबाखालची हवा बारीक छिद्रातून सोडतात आणि तिच्यातून विजेची ठिणगी धरून ठेवतात. त्या झोताचे तापमान २०,००० अंशांच्या आसपास जाते. पोलाद तर १,५०० अंशांनाच वितळते. संगणकाने आखून दिलेल्या रेषेवरून हा झोत फिरतो. यंत्र अवघड आणि आखणी सोपी, अशी माझी समजूत होती. झाले उलटेच.

'इंकस्केप' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'विद्यामंदिर' लिहिले आणि अक्षरांच्या कडांच्या रेषा करून घेतल्या. पडद्यावर शिरोरेषा अखंड दिसत होती; टेबलावर मात्र सुट्या अक्षरांचा ढीग पडला. आपल्याला जी एक शिरोरेषा दिसते, ती संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षराची निराळी रेघ असते. शेजारशेजारच्या रेघांची टोके फक्त एकमेकांवर चढलेली असतात. यंत्राने प्रत्येक अक्षराची कड इमानाने पूर्ण कापली होती. आकृत्या निवडून 'युनियन' ही आज्ञा दिली, की सर्वांची मिळून एकच कड होते. हे उमगायला मला तीन रविवार लागले.

दुसऱ्या खेपेस शब्द सलग उतरला. पत्रा उचलला आणि अनुस्वार टपकन खाली पडला! बिंदू शिरोरेषेला टेकलेलाच नसतो, हे इतक्या वर्षांच्या लेखनात कधी ध्यानी आले नव्हते. हाती उरले 'विद्यामदिर'. चौथीत आमच्या बाई गाळलेल्या अनुस्वाराला अर्धा गुण कापीत. पन्नास वर्षांनी मी तीच चूक ३ मिलिमीटर पोलादात केली होती.

मग बिंदूखाली ४ मिलिमीटरची दांडी आखली आणि तीही 'युनियन'मध्ये घेतली. झोत स्वतः दीडेक मिलिमीटर धातू खातो, म्हणून त्याच्या निम्म्याने रेषा बाहेर सरकवली. 'व'च्या पोटातील पोकळी आधी कापली, बाहेरची कड शेवटी; नाहीतर सुटा झालेला तुकडा हलतो आणि पोकळी वाकडी होते.

दारावर आहे ती ही तिसरी पाटी. अनुस्वाराखालची दांडी निरखून पाहिल्यास दिसते. बाईंना ती चालली नसती. मला चालवून घ्यावी लागली.

नववी-दहावीच्या ज्या मुलामुलींना हे शिकावयाचे असेल, त्यांनी पालकांना विचारून रविवारी सकाळी माझ्याबरोबर यावे. सुती कपडे आणि बंद बूट हवेत. काळे चष्मे तेथे मिळतील. पहिली पाटी प्रत्येकाने आपल्या नावाची करावी. ज्यांच्या नावात अनुस्वार आहे, त्यांना मी आधीच सावध करणार नाही.