मावशींचा हंडा
(उरण येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मला वाडीवरच्या कामाबद्दल बोलायला सांगितले आहे. पण सुरुवात दोन कुत्र्यांपासून करतो.

गेल्या मार्चमध्ये आम्ही पाच मित्र उरणहून कळसूबाईला गेलो. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर. बरोबर माझा लॅब्रॅडोर शेरू आणि मित्राची अल्सेशियन राणी. दोघेही पस्तीस किलोंच्या आसपास. समुद्रकाठी रोज धावणारे कुत्रे, त्यांना डोंगराचे काय, असे आम्हाला वाटले. डोंगर अभयारण्यात येतो, कुत्रे नेण्याआधी वनखात्याला विचारावे, हेही सुचले नाही.

बारी गावातून निघायलाच नऊ वाजले. सात जिवांना मिळून पाणी किती? चार बाटल्या!

त्या वाटेवर उभ्या कातळाला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. पहिल्या शिडीपाशी कुत्रे अडले. आमच्यातला एक म्हणाला, "चादरीत बांधून वर घेऊ." तेवढ्यात शेरू खाली बसला. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ऊन वाढले की तेवढे पुरत नाही. आमच्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या.

जवळच एक मावशी लिंबूसरबत विकत होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, सावलीत न्या त्याला. तोंडात ओतू नका. पोटाला, पायांना पाणी लावा." आणि आपला हंडा पुढे केला. अर्ध्या तासाने शेरूने मान उचलली, स्वतःहून पाणी चाटले. राणीही प्यायली. हंडा रिकामा झाला.

मी पाकीट काढले. मावशी म्हणाल्या, "मुक्या जिवाला पाजलेल्या पाण्याचे कसले पैसे?"

उतरताना कळले, की तो हंडा त्यांनी पहाटे खालून डोक्यावर आणला होता. त्या पाण्याचेच सरबत होणार होते. म्हणजे आम्ही त्यांची त्या दिवसाची कमाई संपवली होती. आम्ही परत वर गेलो, उरलेली सगळी लिंबे विकत घेतली. तेव्हा मात्र त्यांनी पैसे घेतले. शिखर राहिले, त्याचे दुःख नाही.

मित्रहो, हे इथे का सांगतो? आपल्या तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर आपण शिबिराला जातो, तेव्हा समोर पाण्याचा तांब्या येतो. आपण पितो, हातही धुतो. ते पाणी किती लांबून आले, हे मी वर्षानुवर्षे विचारले नव्हते. आपण देणारे आणि ते घेणारे, असा माझा समज होता. तो त्या शिडीपाशी गळून पडला.

तेव्हा दोन विनंत्या. वाडीवर जाताना आपले पाणी आपण न्या, आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. कुत्रा पाळत असाल तर त्याला रेबीजची लस द्या आणि वाडीवर मोकळा सोडू नका. तिथे कोंबड्या, शेळ्या असतात. कुणाला कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

शेरू आता ठणठणीत आहे. या थंडीत मी पुन्हा बारीला जाणार आहे, कुत्र्याशिवाय. पाठीवर पाण्याचा कॅन असेल. तो मावशींपर्यंत पोचवायचा आहे.