घाटातला कागद कोण वाचणार?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाभागातल्या मेळाव्यात बोलायला उभे राहिले की १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरुवात करायची, महाजन अहवालावर टीका करायची, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्याशी यायचे आणि टाळ्या घेऊन खाली बसायचे, अशी आपली रीत आहे. त्या इतिहासाबद्दल आम्हाला अभिमानच आहे. पण आज आम्ही वाट थोडी वाकडी करून आपल्याला जांबोटीवरून पुढे घाटाकडे नेणार आहोत. खानापूर तालुक्याचा तो भाग आपल्या ठरावात असतो, नकाशात असतो, पण आपल्या जाण्यायेण्यात फारसा नसतो.

कणकुंबी, आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर, देगाव, हेम्मडगा, तळेवाडी. ही नावे येथील किती जणांनी पावसाळ्यात जाऊन पाहिली आहेत? आम्ही हात वर करायला सांगत नाही, कारण आमचाच हात फार उंच जाणार नाही. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. घाटातला माणूस आमच्याकडे येतो, आम्ही त्याच्याकडे जात नाही. तरी वीसेक वर्षे खिडकीच्या आतून जे पाहिले आणि चार-दोन वेळा चालत जाऊन जे कळले, ते सांगतो.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. म्हादई देगावच्या रानात उगम पावते. एकीचे पाणी सौंदत्तीजवळच्या धरणात जाते, दुसरीचे गोव्यात. म्हादईच्या पाण्यासाठी २०१० साली लवाद बसला. त्याचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ रोजी आला. कळसा नाल्यातून १.७२ टीएमसी आणि भंडुरा नाल्यातून २.१८ टीएमसी पाणी मलप्रभेकडे वळवायला त्यात मुभा मिळाली. पाण्याचा हिशेब दशांश चिन्हापर्यंत झाला. पण ज्यांच्या अंगणात हे पाणी पडते, त्यांना पावसाळ्यात ओढा ओलांडायला अजून कित्येक ठिकाणी लाकडाचा साकवच आहे.

आमगावचे नाव कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत घेतले जाते. त्या पावसाचे आपल्याला कौतुक वाटते. तिथे राहणाऱ्याला मेअखेर मीठ, मिरची, सुके मासे, रॉकेल, औषधाच्या गोळ्या असा चार महिन्यांचा बाजार भरून ठेवावा लागतो. जूनमध्ये तरवा, मग लावण. पुढे भात पोटरीला आले की रात्री माळ्यावर बसून राखण. गवा आला तर एका रात्रीत वर्षाचे भात जाते. अस्वलाच्या भीतीने एकट्याने रानात जायचे नाही. दिवाळी झाली, कापणी-मळणी आटोपली की तरणी पोरे चोर्ला नाहीतर अनमोड उतरून गोव्याला कामाला. चवथीला आणि शिमग्याला घर भरते, एरवी घरात म्हातारी माणसे आणि लहान पोरे.

सगळेच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. काजूला भाव चांगला मिळाला की घरावर नवी कौले दिसतात. गोव्यातल्या पोराने पाठवलेल्या पैशातून एखादी मुलगी बेळगावला नर्सिंगला जाते. बचत गटाच्या बाया आता व्याजाचा हिशेब आम्हाला विचारत नाहीत, आम्हालाच चूक दाखवतात. २०२३ च्या जूनपासून बायकांना एसटी फुकट झाली, ऑगस्टपासून गृहलक्ष्मीचे दोन हजार खात्यावर येऊ लागले. घाटातल्या बाईला त्याचा आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. फक्त फुकट एसटी पकडायला तिला आधी रानातून काही किलोमीटर चालावे लागते. पैसे आले की नाही हे पाहायला दिवस मोडावा लागतो.

आणि कोणी आजारी पडले तर? २०२४ च्या जुलैमध्ये आमगावातल्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी बांबूला बांधलेल्या डोलीतून, भर पावसात, रानातून काही किलोमीटर वाहून आणले. ती बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. ती बाई वाचली नाही. तेव्हा आपण सगळे हळहळलो. आठ दिवसांनी विसरलो.

त्यानंतर स्थलांतराच्या हालचालींना वेग आला. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. आत आणि कडेला ही आपली गावे. रस्ता करायचा तर वनखात्याची परवानगी, विजेच्या तारेला परवानगी, मोबाईलच्या मनोऱ्याला परवानगी. मग शासन म्हणते, सोयी आत आणण्यापेक्षा तुम्हीच बाहेर या. २०२५ च्या मे महिन्यात तळेवाडीच्या २७ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाखांपैकी १० लाखांचा पहिला हप्ता दिला गेला. बाकीच्या गावांतही चर्चा आहे.

जावे की राहावे, हे आम्ही सांगणार नाही. डोली वाहून खांदे सुजलेल्या माणसाला बेळगावात पंख्याखाली बसून ‘मातीशी इमान राख’ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. तसेच ‘पैसे घे आणि सुटका करून घे’ म्हणण्याचाही नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की जो निर्णय होईल तो कागद वाचून व्हावा. आज तो तसा होत नाही, आणि इथेच आपला सीमाप्रश्न घाटात जाऊन पोहोचतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटातले एक म्हातारे गृहस्थ खिडकीवर आले. पेन्शन उचलली, नोटा कनवटीला खोचल्या आणि जाता जाता शर्टाच्या आतून घडी केलेला कागद काढला. म्हणाले, “साहेब, ह्यात काय लिवलंय तेवढं बघा की. आमच्याकडं कुणाला येत नाही.” कागद कानडीत होता. आम्हाला नोकरीमुळे कानडी वाचता येते. जमिनीच्या हद्दीसंबंधी नोटीस होती. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, न कळविल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल. तारीख पाहिली, पंधरा दिवस उलटून वर दहा दिवस झाले होते. पोच म्हणून अंगठा त्यांचाच होता. आम्ही म्हटले, “मामा, हा कागद आला त्या दिवशीच का नाही आणलात?” ते म्हणाले, “पेन्शनीच्या तारखेला येणारच होतो की. दोनदा कशाला खर्च करायचा?”

बंधू-भगिनींनो, त्या मामांच्या बोलण्यात चूक काढायला आम्हाला काही सापडले नाही. कोणत्या कचेरीचा कागद होता, ते सांगत नाही. ती कचेरी बदलली तरी गोष्ट तीच राहील.

बँकेतला एक अनुभव सांगतो. आमचे छापील अर्ज तीन भाषांत असतात, इंग्रजी, हिंदी आणि कानडी. मराठी चौथी शिकलेली घाटातली बाई त्यातला हिंदी मजकूर बोट ठेवून वाचते, कारण अक्षरे तिच्या ओळखीची असतात. ‘नाम’ म्हणजे नाव, ‘पता’ म्हणजे पत्ता, असे करत ती अर्ज भरते. म्हणजे ती अडाणी नाही. आपल्या अक्षरांत कागद मिळाला तर ती आपला कारभार आपण करू शकते. पहाणीचा उतारा, नोटीस, संमतीपत्र समोर आले की तीच बाई एकदम अंगठेबहाद्दर ठरते.

मराठीतून कागद मागणे ही मेहेरबानीची याचना नाही. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या जिथे १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, असे केंद्राच्या संरक्षक तरतुदींत आहे. घटनेच्या कलम ३५० अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली आहे, ३५० ब मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी आहे. ही मागणी आपण वर्षानुवर्षे करतो आहोत, पुढेही करू. पण मामांचे पंधरा दिवस आपल्या निवेदनाच्या उत्तराची वाट पाहत थांबत नाहीत.

आता वनहक्काचा कायदा पाहा. २००६ च्या या कायद्याप्रमाणे जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण त्या रानात राहत होतो व त्यावर आपली उपजीविका होती हे दाखवायचे आहे. २००५ मधून ७५ वजा करा. १९३० येते. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. त्या काळचे जे कागद घाटातल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या फळीवर राहिले आहेत, शेतसाऱ्याच्या पावत्या, गहाणखते, वाटणीपत्रे, ते मराठीत आहेत, काही मोडीत आहेत. म्हणजे हक्काचा पुरावा मोडीत, दाव्याची कचेरी कानडीत, आणि मधला माणूस दोन्ही न वाचणारा. वाळवीने खाल्लेला एक कागद म्हणजे एका घराचा हक्क असू शकतो.

कायदा इतका कठोर नाही, हेही लोकांना कळले पाहिजे. एकाहून अधिक पुरावे हवेत, पण त्यात वयस्कर माणसांचा लेखी जबाब चालतो, जुनी घरे, देवस्थान, स्मशान, विहीर यांच्या खुणाही धरल्या जातात. दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कुणाला हलवता येत नाही. ग्रामसभेला निम्मी माणसे हजर लागतात, त्यात एक तृतीयांश बायका. घाटात किती जणांना हे माहीत आहे?

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून पैशाचाही हिशेब मांडतो. १५ लाख हा आकडा ऐकायला मोठा आहे. सगळे ठेवीत ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला ९७,५०० रुपये, महिन्याला ८,१२५. घाटात घरभाडे नाही, सरपण विकत नाही, पाणी विकत नाही, भात-नाचणा घरचा. खानापुरात किंवा बेळगावात हे सगळे विकत. शिवाय मुद्दल शिल्लक राहील असे धरून हा हिशेब केला आहे. जागा घेतली, घर बांधले, तर ठेव कुठली? एका चुलीवरचे तीन भाऊ एक कुटुंब की तीन? दुसरा हप्ता कधी आणि कोणत्या अटीवर? नव्या जागी मुलांना मराठी शाळा आहे का? या प्रश्नांची उत्तरे सही करण्याआधी कागदावर पाहिजेत. हौसेने जाणाऱ्यानेही ती मागावीत.

यावर आमची सूचना लहान आहे. महिन्यातून एक दिवस, जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजारात, आपल्या मंडळाने एक टेबल टाकावे. टेबलाशी दोन माणसे बसतील. एक कानडी वाचणारा, एक मोडी वाचणारा. आलेला कागद वाचून दाखवायचा, शेवटची तारीख मोठ्या अक्षरात मराठीत लिहून द्यायची, जुन्या कागदाची छायाप्रत काढून ठेवायची. बस्स.

मोडी वाचणारा कुठून आणायचा, असे कुणी विचारील. इथे बसलेल्या जुन्या घराण्यांतून. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबांची दप्तरे आहेत, मोडी वाचणारी एखादी वडीलधारी व्यक्ती अजून आहे. त्यांच्याजवळ बसून एका नातवाने जरी ती लिपी उचलली, तरी घाटातल्या दहा घरांचे काम होईल.

कानडी वाचणाऱ्याबद्दल मात्र काहींच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून स्पष्ट बोलतो. कानडीच्या सक्तीला आपला विरोध आहे, तो राहील. पण कानडी वाचता येणे म्हणजे लढा सोडणे नव्हे. आम्ही रोज कानडी वाचतो आणि दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावतो. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले, ६ एप्रिलच्या गोळीबारात जीव गेले. त्या आंदोलनात मराठी आणि कानडी शेतकरी शेजारी शेजारी बसले होते. दोघांनाही तंबाखूचा भाव हवा होता. घाटातल्या माणसाचा कागद वाचून द्यायला एखादा कानडी शिक्षक तयार झाला, तर त्यालाही आपण खुर्ची द्यावी.

महाजन आयोगाने खानापूर महाराष्ट्रात द्यावे असे म्हटले होते. बेळगाव वगळले म्हणून आपण तो अहवाल नाकारला आणि बरोबर केले. पण त्या दिवसापासून खानापूरच्या घाटातला माणूस आपल्याबरोबर, आपल्यासाठी थांबलेला आहे. दर निवडणुकीत, दर मोर्चात तो पायी येतो. त्याच्यासाठी महिन्यातून एक दिवस जांबोटीपर्यंत जाणे आपल्याला जड वाटू नये.

पहिल्या महिन्याच्या कानडी वाचनाला आम्ही बसतो. मोडी वाचणाऱ्यांनी सभा संपल्यावर नाव द्यावे. पाऊस लागायच्या आत सुरू करू, नंतर साकव पाण्याखाली जातात.

जय महाराष्ट्र!