होकायंत्र चुकतं तेव्हा

चिकलठाण्याच्या विमानतळावर धावपट्टीच्या टोकांना ०९ आणि २७ हे आकडे आहेत. म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून साधारण ९० आणि २७० अंश. छोट्या बोटीतलं इलेक्ट्रॉनिक होकायंत्रही हीच उत्तर शोधतं. नवं बसवलेलं यंत्र २०-३० अंश चुकत असेल, तर दोष बहुधा यंत्रात नसतो, जागेत असतो.

इंजिन, नांगराची साखळी, स्पीकरचं चुंबक हे आधी बघा. मग बोट धक्क्याला घट्ट बांधा आणि पंप, दिवे, वायरलेस एकेक करून चालू करा. आकडा हलला की चोर सापडला! वायरी तर फारच फसव्या. १० अँपिअर वाहणाऱ्या एकेरी वायरीपासून १० सेंटिमीटरवरचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडच्या पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या जवळजवळ निम्मं भरतं. जाणाऱ्या-येणाऱ्या वायरींना एकमेकींभोवती पीळ दिला, की हा परिणाम बहुतांशी पुसला जातो.

विजेच्या प्रवाहाचा हाच त्रास मोठ्या प्रमाणावरही होतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी बिघडणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. केवढी ही दूरदृष्टी!

बोटीत होकायंत्राचा सेन्सर समतल आणि लोखंडापासून शक्य तितका दूर बसवावा. मग शांत पाण्यात बोट संथपणे गोल फिरवून कॅलिब्रेशन करावं. उरलेली चूक दर ४५ अंशांवर ताडून पाहून तक्त्यात लिहावी. बोट पोलादी असेल, तर सेन्सर डोलकाठीवर उंच चढवावा लागतो.