प्रामाणिकपणा : गरिबाचे पहिले भांडवल
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



व्यवसायात आणि खाजगी जीवनात प्रामाणिकपणाचे महत्त्व काय, या विषयावर चार शब्द बोलावेत असे संस्थेने आम्हाला सुचविले. आम्ही विचारवंत नाही, साहित्यिकही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिक म्हणून लागलो आणि तेव्हापासून नोटा मोजणे, पासबुके भरून देणे, कर्जाचे कागद तपासणे हेच करीत आलो. तेव्हा या विषयाकडे आम्ही बँकेच्या खिडकीतूनच पाहणार, हे आपण समजून घ्यावे.

प्रामाणिकपणावर भाषण द्यायला कोणी उभे राहिले की ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतोच. "हे सगळे पुस्तकात ठीक आहे हो, पण आजच्या जगात प्रामाणिक माणूस मागेच पडतो, त्याचे काय?" हा प्रश्न खोटा नाही. वजनात मारणारा दुकानदार बंगला बांधतो आणि नीट मोजून देणारा भाड्याच्या गाळ्यात राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून "प्रामाणिक राहा, यश आपोआप मिळेल" असे आम्ही सांगणार नाही. यशाला मेहनत लागते, हुशारी लागते, संधी लागते. आमचे म्हणणे एवढेच आहे की ज्याच्याजवळ जमीन नाही, वडिलोपार्जित दुकान नाही, मोठे आडनाव नाही, त्याला व्यवहारात पहिले पाऊल टाकायला एकच भांडवल असते, आणि ते म्हणजे लोकांचा त्याच्यावरचा विश्वास.

आपण ऊर्जानगरचे लोक. १९८३ पासून इथे वीज तयार होते आणि आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा म्हणजे काय हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. आता समजा, कोणी कोळशात दगड मिसळला. वजनकाट्यावर काय होईल? काटा दगडाचेही वजन कोळशाइतक्याच इमानाने दाखवील. त्या दिवशी दगड मिसळणाऱ्याचा फायदा झाला. पण पुढे तो माल बॉयलरपर्यंत जातो. दगड जळत नाही. उष्णता कमी मिळते, राख वाढते, यंत्राची झीज होते. जानेवारी २०१२ पासून आपल्या देशात कोळशाची प्रत त्यातून किती उष्णता मिळते यावरून ठरवतात. नुसत्या वजनावर कोळशाची किंमत ठरत नाही, ती आत किती दम आहे यावर ठरते. माणसाचेही तसेच आहे. काटा एक दिवस फसतो, बॉयलर कधी फसत नाही.

आता बँकेतला व्यवहार पाहू. आमच्याकडे कर्ज मागायला छोटे दुकानदार येतात. कोणाचे किराणा दुकान, कोणाचा पंक्चरचा धंदा, कोणी भाजीचा ठेला लावतो. त्यांतल्या पुष्कळांचा धंदा चांगला चालतो, पण विक्री कागदावर दाखवायची नाही, पैसे खात्यातून फिरवायचे नाहीत, अशी सवय लागलेली असते. कर थोडा वाचतो. पुढे दुकान वाढवायला पाच लाख हवे असतात, तेव्हा तोच माणूस म्हणतो, "साहेब, माझा महिन्याचा गल्ला दीड लाख आहे." खात्याचा उतारा मात्र वीस हजार सांगतो. बँकेने कोणावर विश्वास ठेवायचा? त्याने लपवलेली प्रत्येक विक्री त्या दिवशी त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. उलट, पन्नास रुपयांची भाजीसुद्धा मोबाइलवरून खात्यात घेणारी बाई असते. ती फार शिकलेली नसते. पण तिच्या खात्यात रोजच्या शंभर छोट्या नोंदी दिसतात, आणि त्या नोंदी हेच तिचे तारण होते.

पूर्वी सावकार माणसाचे घराणे पाहून, जात पाहून उधार देत असे. आपल्या आजोबा-पणजोबांना त्या दारात कोणी उभे केले नाही. आज कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यासाठी २००५ चा कायदा आहे. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. त्या आकड्यात आडनाव मोजले जात नाही, हप्ता वेळेवर भरला की नाही हे मोजले जाते. सगळा अन्याय संपला असे आम्ही म्हणत नाही. पण एक दार किलकिले झाले आहे, आणि त्या दारातून आत जायला लागणारा कागद आपल्याच हाताने लिहायचा आहे, हे विसरून चालणार नाही.

आता अप्रामाणिकपणाचा हिशेब कसा वाढत जातो ते पाहा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी बँक, हिचे उदाहरण आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. एका बांधकाम उद्योगसमूहाची थकलेली कर्जे रिझर्व्ह बँकेपासून लपवली गेली. तपासात पुढे आले की ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. मित्रहो, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. ४४ खाती झाकायला एकवीस हजार खोटी लागली! सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला एका खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्यात निवृत्त माणसे होती, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवणारी माणसे होती, छोटे व्यापारी होते. त्यांनी काय खोटे केले होते? काहीच नाही. अप्रामाणिकपणा करतो एक, आणि रांगेत उभा राहतो दुसराच. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पीएमसी हे नाव बँकांच्या यादीतून गेले.

आपल्या विदर्भातही २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा गाजला. सरकारी रोखे घेण्यासाठी बँकेचे पैसे खाजगी दलाल कंपन्यांना दिले गेले. रोखेही आले नाहीत आणि पैसेही परतले नाहीत. तो पैसा शेतकऱ्यांच्या बँकेचा होता. न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला, म्हणजे एकवीस वर्षांनी. त्यात तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना शिक्षा झाली. एवढ्या काळात एक पिढी शाळेत जाऊन नोकरीला लागते. विश्वास मोडायला एक सही पुरते, पण त्याचा निवाडा व्हायला अर्धे आयुष्य जाते.

मग प्रामाणिकपणा टिकतो कशाने? चांगल्या माणसांच्या भरवशावर? आम्हाला तसे वाटत नाही. चांगला माणूसही अडचणीत सापडला की डळमळतो. प्रामाणिकपणाला उघड्या हिशेबाचा आधार लागतो, आणि याचे उदाहरण शोधायला मुंबईला जायची गरज नाही. ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव लागते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण जंगलातला बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो वन खात्याच्या हातात होता. गावाने त्यासाठी सनदशीर मार्गाने लढा दिला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती, देवाजी तोफा यांच्याकडे सुपूर्द झाले. त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबूचा व्यापार करू लागली. ज्या जंगलात गावकरी दुसऱ्याच्या ठेक्यावर मजूर होते, तिथे ते विक्रेते झाले.

या गावाची एक रीत आम्हाला फार मोलाची वाटते. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. याचा व्यवहारातला अर्थ काय? जिथे एकाचाही विरोध चालत नाही, तिथे एकापासूनही हिशेब लपवता येत नाही. प्रत्येकाची संमती हवी, तर प्रत्येकाला समजले पाहिजे. प्रामाणिकपणा कोणा एका पुढाऱ्याच्या स्वभावावर सोडलेला नाही, तो गावाच्या कामकाजातच बसवलेला आहे.

पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा व्यापारही स्वतः करू लागल्या. तेंदूचा सगळा व्यवहार मोजणीवर चालतो. एका पुडक्यात ७० पाने आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. आता एखाद्याने ७० ऐवजी ६० पाने बांधली तर कोण मोजणार? आणि फळीवरच्या मुनशीने शंभर पुडक्यांमागे चार जास्तीची मागितली तर अडाणी बाई काय करणार? दोन्हीकडून चोरी होऊ शकते. तोडणाऱ्याने पाने कमी बांधली की पुढल्या हंगामात ठेकेदार भाव पाडून मागतो. मुनशीने लुबाडले की पुढल्या हंगामात लोक त्या फळीवर माल आणत नाहीत. बेइमानीची किंमत पुढल्या हंगामात मोजावी लागते, फक्त पावती लगेच मिळत नाही, म्हणून ती फुकट वाटते.

बंधू-भगिनींनो, आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आणि चौथे खोटे न बोलण्याचे. व्यापारातल्या सगळ्या लबाड्या या दोहोंत येऊन जातात. म्हणताना मान खाली असते, पण दुकान उघडताना ती आठवण राहिली पाहिजे.

आणि शब्द पाळणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या चरित्रात पाहावे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले आणि १९१७ मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्यात हजर झाले. तिथे राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत अपमान झाला, नोकरी सोडावी लागली. करार त्यांनी मोडला नाही, त्यांना तिथे राहू दिले गेले नाही. नंतर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, आणि १९२० साली पुन्हा लंडनला जाताना शाहू महाराजांच्या मदतीबरोबर नवल भथेना या पारशी मित्राने त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. तेव्हाचे पाच हजार! ज्या समाजाला गावचा सावकार दारात उभा करीत नव्हता, त्या समाजातल्या तरुणाला एक मित्र एवढी रक्कम देतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ते कर्ज माणसाच्या पतीवर मिळालेले होते.

आता थोडे घरातले. बँकेच्या खिडकीवर आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटते ते अशा वेळी, जेव्हा पगारदार माणसाच्या बायकोला नवऱ्यावर किती कर्ज आहे हे थकबाकीची नोटीस घरी आल्यावर कळते. पतसंस्थेचे वेगळे, बँकेचे वेगळे, मित्राकडचे हातउसने वेगळे. माणूस वाईट नसतो. घरच्यांना काळजी नको म्हणून लपवतो. पण लपवलेले कर्ज व्याजापेक्षा वेगाने वाढते, कारण ते फेडायला घरातले दुसरे कोणी हात लावू शकत नाही. आणि जामीनदार होताना मित्राने खरी परिस्थिती सांगितली नाही, तर त्याचा हप्ता थकला की जामीनदाराचीही पत खराब होते. वीस वर्षांची मैत्री एका सहीने तुटते. म्हणून आमची विनंती आहे की वर्षातून एकदा तरी नवरा-बायकोने बसून सगळे देणे-घेणे एका कागदावर मांडावे. मोठी मुले असतील तर त्यांनाही बसवावे. घर ही सुद्धा एक ग्रामसभाच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आमच्याजवळ कुठे पैसे आहेत, आमचा प्रामाणिकपणा कशात? परीक्षेत कॉपी करून मिळवलेले गुण म्हणजे कोळशातला दगड. गुणपत्रिकेवर वजन दिसेल. मुलाखतीत, कामावर, पहिल्याच अवघड दिवशी उष्णता मात्र मिळणार नाही. शिवाय आपल्यातला एखादा मुलगा कुठे चुकला, तर लोक त्या एकट्याचे नाव घेत नाहीत, साऱ्या समाजाचे घेतात. हे अन्यायाचे आहे, पण आजही घडते. त्या भीतीने प्रामाणिक राहू नका. तुमच्यामागून येणाऱ्या मुलाला कोणीतरी विश्वासाने दार उघडावे, म्हणून राहा.

शेवटी संस्थेविषयी एक सूचना करून थांबतो. वर्गणी किती जमली आणि कशावर खर्च झाली याचा ताळेबंद वार्षिक सभेत वाचला जातोच. तो फलकावरही लावावा, आणि ज्याला वही पाहायची असेल त्याला ती पाहू द्यावी. वही मागणाऱ्याला "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?" असे कोणी विचारू नये. वही पाहिल्याने विश्वास कमी होत नाही, तो तिथूनच सुरू होतो.



नमो बुद्धाय. जयभीम.