नागपूरच्या पाण्यातला हिस्लोपिया



बेंगळुरूपासून समुद्र लांब आहे. तरीही इथल्या तळ्यांच्या सहवासात राहणाऱ्या मला आज एका समुद्री घराण्यातल्या जिवाविषयी बोलायचं आहे. हा जीव गोड्या पाण्यात येऊन राहिला आणि शास्त्राला त्याची पहिली ओळख झाली ती नागपूरकडच्या नमुन्यांवरून. त्याचं नाव हिस्लोपिया लॅकस्ट्रिस.

हा जीव ब्रायोझोआ या प्राणिसंघातला. या संघात आज हयात असलेल्या सुमारे ६,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खाऱ्या पाण्यातल्या. खडकावर, शिंपल्यावर, जहाजाच्या बुडाला त्यांच्या वसाहतींचं पातळ पुट चढतं. एकेक जीव जेमतेम मिलिमीटरभर, आपापल्या कप्प्यात बसलेला, पण शेजाऱ्यांशी जोडलेला. कप्प्याच्या तोंडातून तो शुंडकांचा झुबका बाहेर काढतो, पाण्यातले सूक्ष्म कण टिपतो आणि जरा धक्का लागला की झटक्यात आत जातो.

१८५८ साली हेन्री जॉन कार्टर यांनी हिस्लोपियाचं वर्णन प्रसिद्ध केलं. कार्टर कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर, मुंबईत राहणारे. स्पंजांवरचं त्यांचं काम आजही अभ्यासकांना लागतं. प्रजातीला नाव दिलं ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचं. नागपूरच्या ज्या हिस्लॉप कॉलेजातून कित्येक पिढ्या शिकल्या, त्याच्या नावातले हिस्लॉप ते हेच. विदर्भातले खडक, जीवाश्म, शिळावर्तुळं यांचा त्यांनी ध्यास घेतला होता. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडून गेले.

कार्टरांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच या जिवाचं नातं फ्लुस्ट्रा या समुद्री ब्रायोझोआशी जोडलं होतं. सपाट पसरलेले, एकमेकांना चिकटलेले कप्पे पाहिले की असं वाटणं स्वाभाविकच. पण वर्गीकरणात कप्प्यांच्या मांडणीपेक्षा कप्प्याचं तोंड कसं बंद होतं याला जास्त वजन आहे. फ्लुस्ट्राच्या गटात तोंडावर बिजागरीचं झाकण असतं. हिस्लोपियाचं तोंड चौकोनी, जाड कडेचं असतं, पण त्यावर झाकण नाही. जीव आत शिरला की तोंडाची मऊ त्वचा आत ओढली जाते आणि वाट बंद होते. ही टीनोस्टोमाटा गटाची खूण. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांच्या १९११ च्या ग्रंथात हिस्लोपिया याच गटात आहे.

नमुना हाताळण्याची रीतसुद्धा या फरकामुळे बदलते. समुद्रातल्या झाकणवाल्या जातीचं वर्णन करायचं तर नमुना ब्लीचमध्ये भिजवतात. मऊ भाग विरघळून जातो आणि चुनखडीचा सांगाडा स्वच्छ होतो. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाचा आकार, काटे, छिद्रं, अंड्यांच्या कुप्या मोजता येतात. हिस्लोपियाला चुन्याचा सांगाडाच नाही, म्हणून त्याला जिवंतपणीच पाहावं लागतं. पुट चढलेला शंख त्याच तळ्याच्या पाण्यात, उथळ बशीत ठेवायचा आणि हलवायचा नाही. थोड्या वेळानं शुंडकं बाहेर येतात. कप्प्याची भिंत इतकी पारदर्शक की आतली पेषणी आणि अन्ननलिकेतून सरकणारं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतं. शुंडकं पसरलेल्या स्थितीतच नमुना टिकवायचा असेल तर पाण्यावर पुदिन्याच्या फुलाचे, म्हणजे मेंथॉलचे, खडे सोडतात. जीव हळूहळू बधिर होतो आणि आत ओढला जात नाही.

हिस्लोपिया प्रजातीतल्या जाती आता सायबेरियातल्या बैकल सरोवरापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत माहीत झाल्या आहेत. अशा वेळी नागपूरचं महत्त्व वाढतं. एखाद्या ठिकाणचा हिस्लोपिया हा लॅकस्ट्रिसच आहे की वेगळी जात, हा वाद निघाला तर तुलना नागपूरच्या प्राण्यांशीच करायला हवी, कारण ते नाव त्यांना दिलेलं आहे. कार्टरांच्या काळी डीएनए तपासण्याची सोय नव्हती, आज ती आहे. म्हणून विदर्भातल्या जुन्या तलावांतून हा जीव पुन्हा गोळा करणं मला अत्यंत निकडीचं वाटतं. तलावांचे काठ बांधून काढण्याआधी आणि पाण्यात सांडपाणी मिसळण्याआधी हे व्हायला हवं. बेंगळुरूची तळीसुद्धा नागपूरच्या तलावांसारखी माणसानंच बांध घालून केलेली. तीही याच नजरेनं तपासायला हवीत.

तुमच्यापैकी कुणी प्राणिशास्त्राचे विद्यार्थी असाल, तर पाण्यातले शंख, बुडालेल्या विटा आणि कमळाच्या पानांची खालची बाजू भिंगातून बघा. नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, त्यानं डीएनए खराब होतो. ९५ टक्के अल्कोहोल वापरा. बाटलीत घालायच्या चिठ्ठीवर गाव, तलाव, तारीख आणि पुट कशावर चढलं होतं, हे सगळं लिहा. लिहा मात्र पेन्सिलनं, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.